नाव दुसऱ्याचे, हात आपला

मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवर, मनीष मार्केटच्या गाळ्यांत किंवा पुण्याच्या कॅम्पात ब्रँडेड मालाची नक्कल विकत घेणारा माणूस फसलेला नसतो, हे आधीच मान्य करून टाकावे. दुकानदार त्याला ‘ओरिजिनल’ म्हणून गंडवत नाही. उलट ‘फर्स्ट कॉपी’, ‘मास्टर कॉपी’, ‘सेव्हन ए’ अशा पायऱ्या लावून आपली नक्कल किती वरच्या दर्जाची आहे हे तो अभिमानाने सांगतो आणि पायरीगणिक भाव चढवतो. जीन ग्रॉसमन आणि कार्ल शपिरो या अर्थशास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हा भेद नेमका मांडला होता: काही बनावट माल विकत घेणाऱ्यालाच फसवतो, तर काही माल घेणारा सोडून बाकीच्यांना. बनावट औषध किंवा बनावट ब्रेक पॅड पहिल्या जातीचे. ते कोणालाच नको असतात, त्यामुळे त्यांच्यावर वाद घालण्याचे कारण नाही. वाद आहे तो दुसऱ्या जातीवर, कारण तिथे घेणारा खूश, विकणारा खूश आणि ज्याचे नाव छापले गेले तो सातासमुद्रापलीकडे. या वादाचे दोन पक्ष इथे समोरासमोर बसवले आहेत. एक काका, आयुष्यभर कापडाचा घाऊक धंदा केलेले. दुसरी त्यांची पुतणी, ट्रेडमार्कचे खटले लढवणारी वकील. दोघेही कल्पित आहेत, पण त्यांची मते कुठल्याही लग्नघरात ऐकू येतील अशीच आहेत. मध्येमध्ये मी तोंड घालणार आहे, कारण दोघांपैकी कोणाचेच मला पूर्ण पटत नाही.

पुतणी: काका, घेणाऱ्याला माहीत आहे म्हणून गुन्हा धुऊन निघतो, असं कुठल्या कायद्यात म्हटलंय? १९९९ चा ट्रेडमार्क कायदा काढून बघा. खोटा ट्रेडमार्क लावला किंवा तसा लावलेला माल विकला, तर कलम १०३ आणि १०४ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाखांपर्यंत दंड. गिऱ्हाईक खूश होतं की नाही, हे तिथे कुणी विचारत नाही. आणि हा चार गाळ्यांचा मामला नाही. ओईसीडी आणि युरोपीय संघाचं बौद्धिक संपदा कार्यालय यांच्या अंदाजाप्रमाणे २०२१ साली देशोदेशींच्या सीमा ओलांडून गेलेला बनावट माल ४६७ अब्ज डॉलरचा होता, जगाच्या आयातीच्या २.३ टक्के. पकडलेल्या मालात सगळ्यात मोठा हिस्सा कपडे, बूट-चपला आणि चामड्याच्या वस्तूंचा. शिवाय या आकड्यात देशातल्या देशात बनून तिथेच खपणारा माल धरलेलाच नाही. म्हणजे आपल्याकडे शिवलेली आणि आपल्याकडेच विकलेली जीन्स यात कुठेच नाही.

काका: आकडे मोठे आहेत गं, पण त्यात नुकसान किती आणि नुसती किंमत किती? दोन हजारांची पिशवी घेणारी बाई ती मिळाली नसती तर अडीच लाखांची घ्यायला गेली असती का? ती त्यांचं गिऱ्हाईक कधी नव्हतीच, मग त्यांचं गेलं काय? कायद्याचं म्हणशील, तर आपल्या कायद्याने वापरणाऱ्याला हात लावलेला नाही. परदेशातून येताना स्वतःच्या वापरापुरती एखादी नक्कल सामानात असली, तर कस्टमचे २००७ चे नियमसुद्धा तिच्याकडे काणाडोळा करतात. इटलीत मात्र घेणाऱ्यालाही सात हजार युरोपर्यंत दंड आहे. असणारच, ब्रँड त्यांचेच. पण त्याच इटलीत २०२४ मध्ये काय निघालं? मिलानच्या न्यायालयाने डिऑरच्या तिथल्या उत्पादन कंपनीवर देखरेख बसवली. २६०० युरोंना विकल्या जाणाऱ्या पिशवीच्या जुळणीचे ठेकेदाराला ५३ युरो मिळत होते. ठेकेदारांचे मजूर कारखान्यातच झोपत होते आणि काम जलद व्हावं म्हणून यंत्रांवरची सुरक्षेची साधनं काढून ठेवलेली होती. बर्बरीने २०१७-१८ च्या एका वर्षात २ कोटी ८६ लाख पौंडांचा न खपलेला माल नष्ट केला, का तर तो स्वस्तात जाऊन नावाची शान उतरू नये. जगभर ओरडा झाला तेव्हा कुठे थांबले. अशा मंडळींच्या नावाची राखण करायला आपल्या पोलिसांनी गाळ्यांवर धाडी घालायच्या?

काकांचा पहिला मुद्दा बराचसा खरा आहे, आणि कंपन्यांचे वकील नुकसानीचे आकडे काढताना तो सोयीस्करपणे विसरतात. दुसऱ्यात मात्र गफलत आहे. ५३ युरोंत चामडे आणि इतर कच्चा माल धरलेला नव्हता, एवढी दुरुस्ती आधी करून घेऊ. ती केल्यावरही तफावत लाज आणणारीच राहते. पण ही तफावत आपल्याला कळली कशी? मिलानच्या तपास यंत्रणेला ठेकेदारापासून धागा धरत वरपर्यंत पोचता आले, कारण पिशवीवर नाव होते आणि त्या नावामागे पत्ता असलेली, न्यायालयात उभी करता येणारी कंपनी होती. फर्स्ट कॉपी शिवणाऱ्या खोलीत मजुराला काय मिळते, तो झोपतो कुठे, रंगात कोणते रसायन आहे, हे विचारायचे तर विचारणार कोणाला? पिशवीवर नाव आहे ते दुसऱ्याचेच. अस्सल माल नीतीने बनलेला असतो असे अजिबात नाही. त्याच्या अनीतीचा जाब द्यायला कोणीतरी बांधील असते, एवढाच फरक. दोघेही आतापर्यंत नावाकडे फक्त मिरवण्याची वस्तू म्हणून पाहत आहेत. नाव लावणारा जबाबदारीही घेतो, ही बाजू पुढे लागणार आहे.

पुतणी: कंपन्यांचं सोडा. वापरणाऱ्याचं काय होतं ते बघा. २०१० मध्ये फ्रँचेस्का जिनो, मायकेल नॉर्टन आणि डॅन एरिअली यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. बायकांना क्लोए कंपनीचे गॉगल दिले. सगळे अस्सल, पण निम्म्या जणींना सांगितलं की हे नकली आहेत. मग कोडी सोडवायला लावून किती सुटली ते त्यांनी स्वतःच सांगायचं आणि त्याप्रमाणे पैसे घ्यायचे. अस्सल समजून घालणाऱ्यांपैकी ३० टक्के जणींनी आकडा फुगवला, नकली समजून घालणाऱ्यांपैकी ७१ टक्के जणींनी. खोटं अंगावर घातलं की माणूस आतूनही खोटं वागायला लागतो.

काका: वकिलीणबाई, साक्षीदार कोण आणलेत ते तरी बघा! त्या जिनोबाईंवर पुढे दुसऱ्या शोधनिबंधांतले आकडे फिरवल्याचे आरोप झाले, आणि हार्वर्डने २०२५ मध्ये त्यांची कायमची नेमणूक काढून घेतली. एरिअलींच्या नावावरचा प्रामाणिकपणाविषयीचाच एक निबंध २०२१ मध्ये मागे घ्यावा लागला. तू सांगतेस तो निबंध त्या यादीत नव्हता आणि बाई आरोप नाकारतात, हेही खरं. पण फेकू नये असं सांगणाऱ्यांच्याच वह्या तपासायची वेळ आली म्हटल्यावर मी माझ्या गॉगलच्या नीतिमत्तेची काळजी का करू?

हा साक्षीदार मीही सोडून देतो. तो नसला तरी बिघडत नाही, कारण ‘नकली घालणारा माणूस नकली’ हा विचार मुळातच पोकळ आहे. तो कुठून येतो, ते व्यवहारात दिसते. तीच पिशवी सिनेतारकेच्या खांद्यावर असली की लोक न पाहता ती अस्सल धरतात. घरकाम करणाऱ्या बाईच्या खांद्यावर असली की न पाहता नकली. अस्सल पिशवी भेट मिळालेल्या त्या बाईलाच लोक हसतील आणि फर्स्ट कॉपी मिरवणाऱ्या श्रीमंताला कोणी हटकणार नाही. परीक्षा पिशवीची होतच नाही, खांद्याची होते. सोसायटीच्या कार्यक्रमात शेजारणीच्या पर्सवरचा टाका आणि झिपवरची अक्षरे निरखणाऱ्या नजरेला कायद्याची चाड असते, असे समजणे भाबडेपणाचे होईल. कोणी आपल्या पायरीवर चढू पाहत आहे का, याची ती पहारेकरी नजर आहे. थॉर्स्टीन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये दिखाऊ उपभोगावर लिहिले तेव्हा त्यांच्यासमोर अमेरिकेतले नवश्रीमंत होते. आपल्याकडे या नजरेचा इतिहास फार जुना आणि फार क्रूर आहे.

काका: तेच तर मी म्हणतोय. कोणी काय नेसावं, पायात काय घालावं, सोनं घालावं की नाही, हे ज्या देशात जात ठरवत होती तिथे कपड्याचा प्रश्न नुसता हौसेचा नसतो. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांना सांगितलं, की तुमची लुगडं नेसण्याची पद्धत आणि अंगावरचे ते जाडजूड दागिने ही तुमच्या जातीची खूण झाली आहे, ती टाका. त्यांनी स्वतः सूट घातला तो उगाच का? आज वस्तीतला पोरगा मुलाखतीला जाताना नाइकेची खूण असलेला बूट पाचशे-सातशेला घेतो, तेव्हा तो कंपनीला लुबाडत नाही. दारावरच्या माणसाने आपल्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळू नये, एवढंच त्याला हवं असतं. त्याला तू चोर म्हणणार?

पुतणी: मुळीच नाही. वापरणाऱ्याला दंड करणारा कायदा आपल्याकडे आणायलाही माझा विरोध आहे. पण महाडचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं. बाबासाहेबांनी टाकायला सांगितली ती दुसऱ्यांनी लादलेली खूण. तिच्या जागी आणखी एखाद्या धन्याची खूण लावा, असं त्यांनी कुठे सांगितलं? साधा, नीट बसणारा, नाव नसलेला बूट त्याच पैशात मिळतो, बहुतेक वेळा जास्त टिकतो. आणि नक्कल म्हणाल तर नकलेला मराठी माणूस कधी लाजला? बेंटेक्सच्या बांगड्या, एक ग्रॅमची ठुशी, खोट्या मोत्यांची नथ, सगळं आपण लग्नात उघडपणे घालतो. बायका एकमेकींना दुकानाचा पत्ताही देतात. त्या ठुशीवर कुठल्या पेढीचा शिक्का उठवलेला नसतो. ती सोन्याच्या रूपाची नक्कल करते, सोनाराच्या सहीची नाही. माझा आक्षेप फक्त सहीवर आहे.

इथे पुतणीने वादाला योग्य जागी आणून ठेवले आहे. रूपाची नक्कल जगात सर्वत्र चालते. फॅशनचा सगळा व्यवहारच तिच्यावर उभा आहे, आणि ती बंद झाली तर पॅरिसची फॅशनघरेही दोन हंगामांत ओस पडतील. सहीच्या नकलेने मात्र कोणाचे काय बिघडते, याचे उत्तर पुतणीच्या कायद्याच्या पुस्तकात नाही. ते यी चियान या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी चीनमधल्या बुटांच्या कंपन्यांवर केलेल्या अभ्यासात सापडते. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात चीन सरकारने बनावट मालाविरुद्धची आपली ताकद अन्न आणि औषधांसारख्या धोक्याच्या वस्तूंकडे वळवली. त्यामुळे बूट-चपलांवरचा पहारा सैल झाला आणि नकलांचा पूर आला. त्यात बुडाले कोण? सगळ्यात महागडे अस्सल बूट नव्हेत. नकलांनी त्यांची फुकट जाहिरात केली आणि त्यांची विक्री वाढली. मार खाल्ला तो त्याच कंपन्यांच्या स्वस्त मालाने. म्हणजे काका म्हणतात तसे श्रीमंत नावाचे नुकसान झाले नाही हे खरे, पण ‘कोणाचेच झाले नाही’ हे खोटे. सातशेची फर्स्ट कॉपी स्पर्धा करते ती सातशेच्या प्रामाणिक बुटाशी, आणि त्या बुटाकडे लढायला नावच नसते.

उल्हासनगरकडे पाहावे. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासित आले आणि त्यांनी शून्यातून एक कारखानदारीचे गाव उभे केले. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन, हा विनोद महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि तो आपण नेहमी त्यांना हसण्यासाठी सांगितला. हसण्याआधी एवढे तरी बघायला हवे होते, की परदेशी जीन्सच्या जवळपास जाणारी जीन्स शिवणारे हात, ती कापणारे मास्तर, ती धुणारे आणि विरवणारे कारागीर आपल्या दारात होते. या कसबाच्या जोरावर इतक्या वर्षांत किती नावे देशभर पोचायला हवी होती? माल पोचला. नाव पोचले ते लेबलावरचे, परक्याचे. कारागिराने आपले सर्वोत्तम काम दुसऱ्याच्या सहीने विकले, की त्या कामाची पत त्याच्या खात्यात कधी जमाच होत नाही. उद्या त्याने तीच जीन्स स्वतःच्या नावाने आणली तर गिऱ्हाईक तिला अर्धाच भाव देईल. फर्स्ट कॉपीविरुद्ध माझी तक्रार ही आहे, आणि ती पॅरिसच्या वतीने नाही.

काका: हे बोलायला छान आहे. पण उलटा प्रकार झाला तेव्हा तुमचा कायदा कुठे होता? जून २०२५ मध्ये मिलानला प्राडाने पुरुषांच्या कपड्यांच्या शोमध्ये आपली कोल्हापुरी पायात घालून पोरं चालवली आणि नाव दिलं नुसतं चामड्याची सँडल. कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक निर्देशांक आहे, कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा मिळून. तरी मुंबई उच्च न्यायालयात नेलेली जनहित याचिका जुलैत फेटाळली गेली. त्यांनी उचललं तर ‘प्रेरणा’ आणि आमच्या गाळ्यावाल्याने उचललं तर सहा महिने कैद!

पुतणी: याचिका फेटाळली कारण ती नोंदणीकृत मालकांनी केलेली नव्हती. मालक लिडकॉम आणि लिडकार ही दोन सरकारी महामंडळं आहेत. आणि भौगोलिक निर्देशांक राखतो ते नाव, आकार नाही. प्राडाने आकार घेतला आणि नाव टाळलं, म्हणून कायद्याच्या फटीतून सुटली. नैतिक फटीतून नाही सुटली, ओरड झाली तेव्हा मूळ मान्य करावंच लागलं. पण काका, दोन्ही गोष्टी शेजारी ठेवून बघा. मिलानच्या सँडलमध्ये कसब आपलं, नाव प्राडाचं. गल्लीतल्या फर्स्ट कॉपीत कसब आपलं, नाव पुन्हा प्राडाचं. पहिल्या वेळी आपण संतापलो, दुसऱ्या वेळी भाव करून विकत घेतलं. आणि ज्यांनी त्या जूनमध्ये मोबाइलवर संताप लिहिला, त्यांतल्या किती जणांच्या पायात रेक्झिनची, यंत्रावर ठोकलेली ‘कोल्हापुरी’ होती? येवल्याच्या हातमागावरच्या पैठणीऐवजी यंत्रमागावरची साडी पैठणी म्हणून घेताना कुणाला खटकतं? भौगोलिक निर्देशांकाच्या कायद्यातही शिक्षा तीच आहे, सहा महिने ते तीन वर्षं, पन्नास हजार ते दोन लाख. त्यासाठी धाड पडल्याचं तुम्ही कितीदा ऐकलंत?

काका: बरं, मग कारागिराने करायचं काय? नकलेतूनच माणूस शिकतो. न्यूयॉर्कच्या हार्लेममधला डॅपर डॅन बघ. १९८२ मध्ये दुकान काढलं, गुच्ची, फेंडी, लुई व्हिताँ यांच्या खुणा चामड्यावर छापून जॅकेटं शिवली. ज्या काळ्या रॅपरांना आणि खेळाडूंना ती मोठी दुकानं विचारत नव्हती, त्यांना त्याने नटवलं. फेंडीच्या कोर्टबाजीने १९९२ मध्ये दुकान बंद पडलं. आणि २०१७ मध्ये गुच्चीनेच त्याच्या जुन्या जॅकेटची नक्कल आपल्या शोमध्ये आणली! लोकांनी पकडल्यावर त्याला भागीदार करून घेतलं. तुझ्या हिशेबाने तो चोर होता ना?

पुतणी: कायद्याने होता, फेंडी जिंकली ते बरोबरच. पण तो फर्स्ट कॉपी विकत नव्हता. त्याने बनवली तशी जॅकेटं त्या कंपन्या बनवतच नव्हत्या. दुकानावर त्याचं नाव होतं आणि गिऱ्हाईक ‘डॅपर डॅनचं’ म्हणून मिरवायचं. त्याचं नाव होतं म्हणूनच पंचवीस वर्षांनी लोकांनी गुच्चीला पकडलं. बेनामी कारागिराचं काही उचललं, तर ओळखणार कोण?

या फेरीत मी पुतणीच्या बाजूचा आहे, पण काकांचा खरा प्रश्न, ‘करायचे काय’, तिने टाळला. एका व्यक्तीला किंवा लहान उद्योगाला आपला ट्रेडमार्क ऑनलाइन नोंदवायला एका वर्गासाठी ४५०० रुपये सरकारी शुल्क पडते. दुसऱ्याचे नाव लावल्याचा किमान दंड त्याच्या अकरापट आहे. एवढे असूनही दुसऱ्याचेच नाव लावणे फायद्याचे ठरत असेल, तर अडचण नोंदणीच्या कचेरीत नाही. ती गिऱ्हाइकाच्या डोक्यात आहे, आणि तिथे पोलिसांची धाड जात नाही. धारावीतल्या चर्मकारांबरोबर काम करणारे सुधीर राजभर यांनी शिवीसारखा वापरला जाणारा जातिवाचक शब्दच उचलून ‘चमार स्टुडिओ’ हे नाव लावले, आणि गोवंश हत्याबंदीनंतर चामड्याचे काम आटले तेव्हा टाकाऊ रबराच्या पिशव्या केल्या. २०२४ मध्ये त्यांच्या खुर्च्या ‘डिझाइन मायामी’ या प्रदर्शनात मांडल्या गेल्या. महाडच्या भाषणाशी याचा धागा मला जुळलेला दिसतो, फर्स्ट कॉपीचा नाही. तरीही अशी उदाहरणे बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, हे लपवण्यात अर्थ नाही.

काका: आणि त्यांचं गिऱ्हाईक कोण? तेच, ज्यांना अस्सल गुच्ची परवडते. प्राडाने डिसेंबर २०२५ मध्ये लिडकॉम-लिडकारशी करार केला, दोन हजार जोड कोल्हापुरी, जोडाला साधारण ८०० युरो. म्हणजे ऐंशी हजारांच्या वर! आता नाव घेतात कोल्हापुरीचं, तुझ्या मनासारखं झालं. पण माझ्या गाळ्यावर दोन हजार घेऊन उभी असलेली बाई यात कुठे बसते? तिने काय घ्यायचं?

पुतणी: नाव नसलेली चांगली पिशवी. ती त्याच गाळ्यात, त्याच कारागिराने शिवलेली मिळते, काका. लोगो नसल्यामुळे स्वस्तही पडते.

काका: ती कुणी मागत नाही म्हणून स्वस्त पडते गं. ज्या दिवशी मागतील, त्या दिवशी मी तिच्यावर माझंच नाव टाकीन आणि भाव दुप्पट करीन.